यादीतलं गाणं

“नाव असं शोध रोसी, की ज्याच्यासाठी कुणी दार वाजवायला येणार नाही.”

मान्नेने हे सांगितलं तेव्हा तो गिटारची तार बदलत होता, आणि त्याने मान वरही केली नव्हती. त्याला आता चार वर्षं होत आली. रोसविता मिटाशला मात्र ते वाक्य त्याच्या आवाजासकट पाठ होतं. दर सोमवारी कामावरून आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यादीचा कागद घेऊन बसे, समोर आई मोजे विणत असे, आणि ते वाक्य आपलं आपण कानात येई.

यादीचं काम तिच्याकडे आलं ते अक्षर चांगलं म्हणून. ‘मेरिडियन’ हा नाचाला वाजवणारा छोटा बँड, त्यांच्या बोलीत कॉम्बो, आणि त्यात पाच जण होते. मान्ने गायचा आणि गिटार वाजवायचा, लोथार ड्रमवर, दोघे भाऊ बास आणि सॅक्सोफोनवर, आणि ऑर्गनवर रोसविता, पाचांत एकटी बाई. तिचे वडील हयातभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आले होते, त्यांच्याच हाताखाली ती शिकली. आठवडाभर सगळे टॉवेलच्या गिरणीत राबायचे आणि शनिवार-रविवारी नीडरविट्सच्या सांस्कृतिक भवनात नाचाची गाणी वाजवायचे.

नियम साधा होता. वाजवलेल्या शंभर गाण्यांत साठ आपल्या नाहीतर मित्रदेशांतल्या संगीतकारांची हवीत, चाळीस पलीकडची, म्हणजे सीमेपल्याडच्या पश्चिमेकडची, चालतील. कुठलं गाणं वाजवलं, कुणाचं, हे कागदावर उतरवून बर्लिनच्या हक्कांच्या कचेरीला धाडायचं, म्हणजे त्या त्या संगीतकाराला मानधनाचा त्याचा वाटा आणि हिशेबाचा कागद पोचे. आता नाचायला येणाऱ्या पोरापोरींना त्या साठांतलं एकही नको असे. बुधवारी लोथार रेडिओला कान लावून पलीकडची गाणी टेपवर घ्यायचा, मान्ने त्यातले इंग्रजी शब्द जसे ऐकू येतील तसे वहीत उतरवायचा, अर्थ कुणाच्याच बापाला कळत नसे, आणि शनिवारी तेच वाजे. शहात्तर साली तर पलीकडे नाचाच्या गाण्यांचं असं काही वारं सुटलं होतं, की साठ-चाळीस राहू दे, पाच-पंच्याण्णवही जमेना.

म्हणून साठ गाणी कागदावर वाजत. सगळेच कॉम्बो तसं करत, सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्याला कुणी खोटं म्हणत नसे.

रोसवितासुद्धा म्हणत नसे. आठव्या वर्षापासून ती रोज सकाळी, कॉफीचा घोट घेण्याआधी, हेर्नहूटच्या ख्रिस्ती मंडळीच्या छोट्या पुस्तकातलं त्या दिवसाचं बायबलमधलं वचन वाचत आली होती. तापात फणफणली तेव्हासुद्धा आईला वाचायला लावून तिने ते ऐकलं होतं. गिरणीत तिच्या चुकीने धागा तुटला तर मुकादमाने विचारायच्या आत ती जाऊन सांगे. पण यादी बोलत नाही, ती नुसती भरायची असते, अशी तिने मनाची समजूत घालून ठेवली होती, आणि चार वर्षांत ती समजूत कुणी हलवून पाहिली नव्हती.

नाव तिला सांस्कृतिक भवनाच्याच कपाटात सापडलं होतं. जुन्या स्वरलिप्यांच्या गठ्ठ्यात एक सुटा कागद होता, कोपरा उंदराने कुरतडलेला. ‘बंधाऱ्यापाशी’. संगीत आल्विन हेम्पेल, शब्द एल्फ्रीडे हेम्पेल, १९५८. दोघांचंही नाव तिने कधी ऐकलं नव्हतं, मान्नेनेही नव्हतं. आधी ती ते महिन्यातून एकदा लिही, मग दोनदा, मग शनिवार-रविवार दोन्ही दिवसांच्या यादीत. हाताला वळणच पडलं. गाणं वाजवून पाहायचं मात्र तिच्या कधी मनात आलं नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. सांस्कृतिक भवनाच्या पत्त्यावर, कॉम्बोच्या नावाने.

लिहिणारा आल्विन हेम्पेल होता. वय एकाहत्तर, राहणार लोबाऊ, म्हणजे बसने तासाभराच्या अंतरावर. आयुष्यभर त्याने संगीतशाळेत पोरांना अ‍ॅकॉर्डियन शिकवलं होतं. गाणी केली तीन, त्यांतलं छापलं गेलं हे एकच. गेली चार वर्षं बर्लिनहून येणाऱ्या कागदात नीडरविट्सचं नाव सतत दिसतं, असं त्याने लिहिलं होतं. इतकी वर्षं इतक्या निष्ठेने ते गाणं कुणी वाजवेल असं आम्हां दोघांना वाटलं नव्हतं, आणि आता दोघांतला मी एकटाच राहिलो, जानेवारीत बायको गेली. एकदा येऊन ऐकावं अशी इच्छा आहे. ऐकण्यापेक्षा बघावं अशी. धृपदाच्या आधी एक अख्खी मात्रा सगळं थांबतं, वाद्यंही आणि जोडपीही, आणि मग दुसऱ्या पायावर पाऊल पडतं. अठ्ठावन्न साली ऐंशी जोडपी एकदम थांबली होती, तेव्हा एल्फ्रीडे म्हणाली होती की छपरावरून बर्फ घसरायच्या आधी असंच शांत होतं.

मान्नेने पत्र मोठ्याने वाचलं. लोथारने टोपी काढून छातीशी धरली आणि गंभीर चेहऱ्याने उभा राहिला, त्यावर दोघे भाऊ हसून लोळायचे बाकी राहिले. मग मान्ने थंड झाला. म्हातारा भला दिसतोय, पण भली माणसंच चौकशा करतात, म्हणाला. त्याने रोसविताला सांगितलं की गोड शब्दांत कळव, सगळे रविवार बाहेरगावी आहेत.

तिने गोड शब्दांत कळवलं. पण लिहिता लिहिता, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, तिने मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी दुपारी तीनचा चहाचा नाच आहे, जरूर यावं, असं लिहिलं आणि मान्नेला सांगायच्या आधी पत्र पेटीत टाकलं.

मान्ने तिच्यावर ओरडला नाही. हिशेबी माणूस. म्हाताऱ्याला नाही म्हणून दुखावलं आणि त्याने बर्लिनला विचारलं, तर चार वर्षांच्या याद्या उघडतील. एकदा वाजवून टाकू, त्याचाही जीव शांत, आपलाही. गुरुवारी त्यांनी तालीम केली. एकदाच. धृपदाच्या आधीच्या थांब्यावर लोथारचा हात थांबेना. “रविवारी लक्षात ठेवीन,” म्हणाला, आणि पुढच्या गाण्याची टेप लावली.

हेम्पेल अडीचला आला, खुर्च्या मांडणं चाललं होतं तेव्हा. तपकिरी सूट, बाहीवर काळी पट्टी, केस पाण्याने बसवलेले. त्याने अगदी मंचासमोरचं टेबल घेतलं, कॉफी आणि केकचा तुकडा मागवला आणि केकला हातच लावला नाही. मान्ने खाली उतरून त्याच्यापाशी गेला.

“मास्तर, तुमच्या गाण्याशिवाय आमचा रविवार सुरूच होत नाही.”

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने उभं राहून मान्नेचा हात दोन्ही हातांत घेतला. रोसविता ऑर्गनमागे बसून हे बघत होती. तिने खाली पेडलकडे मान घातली.

पहिल्या तीन गाण्यांत मजला भरून गेला. मग मान्नेने चौथ्याला खूण केली, आणि रोसविताने ‘बंधाऱ्यापाशी’ सुरू केलं. गाणं वाईट नव्हतं. वाजवताना तिच्या ध्यानात आलं की मधली ओळ खरं म्हणजे सुंदर आहे, अशी ओळ चर्चमध्येही शोभली असती. पण आठ मात्रा होतात न होतात तोच पोरं एकमेकांकडे बघू लागली, मग खांदे उडवले, मग टेबलांकडे निघाली. कुणीतरी शीळ घातली. मजल्यावर सहा जोडपी उरली, तीही भिडस्तपणाने.

थांबा जवळ आला तसा हेम्पेल खुर्चीतून अर्धा उठला. त्याचा उजवा हात वर गेला, शाळेतल्या वाद्यवृंदाला आवरतात तसा. रोसविताने बोटं उचलली. लोथारचा ड्रम तसाच पुढे वाजत गेला. सहाच्या सहा जोडपी फिरत राहिली, दोन एकमेकांवर आपटली, आणि पांढऱ्या बुटांतली एक पोरगी हसत म्हणाली, “ऑर्गन बंद पडला वाटतं.”

म्हाताऱ्याचा हात हळूहळू खाली आला. गाणं संपेपर्यंत तो उभाच राहिला.

“हे जुन्यांसाठी झालं,” मान्ने माइकवर म्हणाला. “आता जिवंत माणसांसाठी.”

मजला एका दमात भरला. पोरांच्या डोक्यांवरून रोसविताला दिसलं, की हेम्पेलने हातपुसणं चार घड्या करून बशीशेजारी ठेवलं, कॉफीचे पैसे दिले आणि दाराकडे चालू लागला.

मध्यंतर झालं तशी ती रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर गेली. तो बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. तिच्याकडे पाहून त्याने आधी बाजूला सरकून जागा केली, आणि मग शिक्षकाने विचारावं तसं विचारलं.

“बाई, एक गाणं चार वर्षं दर आठवड्याला वाजतंय. मग तुमच्या ड्रमवाल्याला थांबा कसा माहीत नाही? आणि नाचणाऱ्यांतल्या एकालाही?”

भवनाच्या खिडकीत मान्ने उभा होता. तिला तो दिसत होता.

“आज पहिल्यांदाच वाजवलं, मास्तर.”

“आणि कागदावर?”

“कागदावर मी लिहायची. माझंच अक्षर.”

त्याने मान हलवली, जणू गणिताचं उत्तर बरोबर आलं. तो टोपीची कड फिरवू लागला. मग बोलू लागला तो तिच्याशी असा नाही, रस्त्याशी. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत एल्फ्रीडे इस्पितळात होती. बर्लिनचा कागद आला की तो तिला वाचून दाखवी. तिला दुसरं काही वाचलेलं सहन होत नसे, वर्तमानपत्र नाही, पत्रं नाहीत. हे मात्र ती पुन्हा पुन्हा वाचायला लावी.

“ती विचारायची, कुठे वाजलं? मी वाचायचो, नीडरविट्स, नीडरविट्स, नीडरविट्स. मग म्हणायची, बघ आल्विन, एक तरी गाव आहे.”

रोसविता देवाचं नाव घेऊन क्षमेचं काहीतरी बोलली. त्याने ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“क्षमा देवाकडे मागा. तुमची त्याच्याशी ओळख दिसते. माझ्याकडे नको.”

ती म्हणाली की ती बर्लिनला सगळं लिहून कळवेल, उद्याच. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. आणि मग काय होईल, त्याने विचारलं. तुमचा परवाना जाईल, पाच घरं मला शिव्या घालतील, आणि लोबाऊत पोराटोरांना कळेल की हेम्पेलचं गाणं कुत्रंसुद्धा वाजवत नव्हतं. हे एकट्या मला कळलं तेवढं पुरे. त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्याचं नाव यादीतून काढायचं. आणि दुसरी.

“तिला तुम्ही सांगा.”

“कुणाला?”

“एल्फ्रीडेला. वाचून मी दाखवलं, पण लिहिलं तुम्ही. बेचाळीस वर्षांत तिच्याशी खोटं बोललो नाही, आणि आता खरं सांगायचं तर माझी जीभ उचलत नाही. रोज जातो, उभा राहतो, आणि हवेपाण्याच्या गप्पा मारून परत येतो. आजचंही मी सांगू शकणार नाही. तुम्ही जा.”

मेलेल्यांशी बोलण्याची रोसविताच्या मंडळीत रीत नव्हती. मेलेला प्रभूपाशी असतो, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, असं ती लहानपणापासून मानत आली होती. हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला वाटलं की हे वाक्य आत्ता आपल्याला स्वस्तात सोडवेल. तिने ते गिळलं.

“येईन,” ती म्हणाली.

“शब्द देताय?”

“देते.”

पण लगेच नको, तो म्हणाला. कबरीची माती अजून बसायची आहे, नावाचा दगड शरदात लागेल. बिनानावाच्या ढिगाऱ्याला काय सांगणार? दगड लागला की मी कार्ड टाकीन. एवढ्यात बस आली. त्याने तिचा हात हातात घेतला नाही, टोपी मात्र उचलली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिने मान्नेला सांगितलं की ते नाव ती यापुढे लिहिणार नाही. मान्ने म्हणाला, बरं. जूनमध्ये ती म्हणाली की कुठलंच न वाजवलेलं गाणं लिहिणार नाही. मान्ने हसला. “रोसी, तू प्रार्थना कर, यादीचं मी बघतो,” म्हणाला, आणि कागदांचा गठ्ठा, जुन्या याद्यांच्या नकलांसकट, घेऊन गेला.

ऑक्टोबरमध्ये परवान्याची परीक्षा होती. जिल्ह्याची समिती येऊन कॉम्बोचं वाजवणं ऐकणार, याद्या बघणार आणि दर्जा ठरवणार. वरचा दर्जा मिळाला तर शहरातले मोठे हॉल मिळणार होते. ऑगस्टमध्ये मान्नेने तिला सहज विचारावं तसं विचारलं, की समितीने यादीबद्दल तुलाच काही विचारलं तर? ती म्हणाली, विचारलं तर खरं ते सांगेन. भांडण झालं नाही. सप्टेंबरात कळलं की त्सिटाऊचा कुणी माणूस ऑर्गनवर येणार आहे. पाचही जण एकसारख्या सुटात असले की समितीला बरं वाटतं, असं कारण होतं. ऑर्गन सांस्कृतिक भवनाचा होता. तिचं स्वतःचं होतं ते बसायचं स्टूल, वडिलांचं. ते लोथारने सायकलला बांधून घरी आणून दिलं. दारात घुटमळला, मग म्हणाला की त्सिटाऊच्या माणसाला डावा हात नाहीच म्हटलं तरी चालेल. आईने त्याला सफरचंदं दिली.

शनिवारी दुपारी खाली सामानाची गाडी जाण्याचा आवाज आला, की रोसविता खिडकीपासून उठून आतल्या खोलीत जाई. सकाळची वचनं ती वाचत होतीच. पण पूर्वी त्यांतून दिवसाला पुरेल एवढं काहीतरी हाती लागे. आता वाचून पुस्तक मिटलं की हात रिकामाच राही.

परीक्षा पार पडली. वरचा दर्जा मिळाला. तिला ते कळलं गिरणीच्या उपाहारगृहात, सूपच्या रांगेत, आणि त्याबरोबरच हेही कळलं की समितीने याद्यांचं खास कौतुक केलं. देशातल्या विस्मरणात गेलेल्या संगीतकारांना हा कॉम्बो सातत्याने जागा देतो, अध्यक्षांनी नाव घेऊन सांगितलं होतं, उदाहरणार्थ हेम्पेल.

तिने ताट तिथेच ठेवलं आणि मान्नेच्या टेबलाशी गेली. मान्नेने लपवाछपवी केली नाही. तिच्या जुन्या याद्या समोर ठेवून तो नव्या उतरवत होता, त्यात ते नाव होतं, येत गेलं.

“मग झालं काय? म्हातारा आला, बसला, गेला. ओरडला नाही. पुन्हा यायचा नाही. त्याच्याइतकं पक्कं नाव आता सगळ्या जिल्ह्यात दुसरं सापडेल का, तूच सांग. हे तर तूच करून ठेवलंस, रोसी.”

तो टोमणा नव्हता. तो खरोखरच तिचे आभार मानत होता.

त्या संध्याकाळी तिने बर्लिनला दोन ओळींचं पत्र लिहिलं. ते अकरा दिवस वचनांच्या पुस्तकात राहिलं. रोज पान उलटताना ते एक पान पुढे सरके. टाकलं तर पाच घरं. लोथारला मार्चमध्ये जुळी झाली होती. टाकलं तर लोबाऊत पोराटोरांना कळणार, आणि ते नको असं म्हातारा स्वतः म्हणाला होता. न टाकलं तर दर तीन महिन्यांनी बर्लिनचा कागद त्याच्या दारात पडणार, नीडरविट्स, नीडरविट्स, आणि आता तो वाचून दाखवायलाही कुणी नाही. कुठूनही बघितलं तरी तिचंच अक्षर. बाराव्या दिवशी तिने पत्र चुलीत घातलं. त्याने तिला बरं वाटलं नाही. वाटावं अशी तिची अपेक्षाही नव्हती.

नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात, कार्ड आलं. शिक्षकाचं ठसठशीत अक्षर होतं. ‘दगड लागला. उत्तरेकडच्या भिंतीजवळ, चौथी रांग. शनिवारी सकाळी गर्दी नसते. मी येणार नाही. आ. हेम्पेल.’ यादीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. कागद त्याला मिळत होते की नाही, मिळाल्यावर तो काय करत होता, हे तिला कधीच कळलं नाही.

शनिवारी ती अंधारातच उठली. काय सांगायचं ते ती आठवडाभर जुळवत होती. सुरुवातीला तिने ते मऊ करून पाहिलं होतं, मधल्या ओळीची स्तुती घालून, मग ती स्तुती काढून टाकली. कारण सांगायचं होतं ते एवढंच: बाई, एकही गाव नव्हतं. आणि अजूनही नाही, तरी तुमचं नाव लिहिलं जातंय, आणि ते मला थांबवता आलं नाही. हे दुसरं वाक्य म्हाताऱ्याने मागितलं नव्हतं. पण पहिलं एकटं सांगितलं असतं तर ते पुन्हा यादीसारखंच झालं असतं.

तिने दिवसाचं वचन वाचलं. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. मग अंगणातल्या देवदाराच्या दोन फांद्या कापल्या, बर्फ झटकला, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि डोक्याला रुमाल बांधला. आई शाल पांघरून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि एवढ्या सकाळी कुठे, म्हणाली.

“लोबाऊला. एका बाईंना भेटायचंय.”

“ओळखीच्या आहेत?”

“नाही,” रोसविता म्हणाली. “पण चार वर्षं मी त्यांचं नाव लिहीत होते.”

आईला ते कळलं नाही, तिने पुढे विचारलंही नाही. दुधाचं भांडं चुलीवर ठेवायला ती वळली. रोसविताने बुटांची नाडी पुन्हा एकदा घट्ट केली, फांद्यांची पुरचुंडी काखेत धरली, फाटक आवाज होऊ न देता लावलं आणि पहिल्या बससाठी उतारावरून चालू लागली.